आत्या म्हणते ती गेम खेळत नाही

माझी लालबागची आत्या रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की सोफ्याच्या तिच्या ठरलेल्या कोपऱ्यात बसते, पाय वर घेते, चष्मा नाकावर सरकवते आणि कँडी क्रश उघडते. लेव्हल ४,२०० च्या पुढे गेलीय. आणि बरोब्बर त्याच वेळी आतल्या खोलीतनं आत्तेभावाचा आवाज, "अरे मागे बघ मागे, जिन्यावर आहे तो, मला आधी रिव्हाइव्ह दे," की ही इथनं ओरडते, "बंद कर रे ते गेम, डोळे जातील!" मी एकदा म्हटलं, अगं आत्या, तू पण गेमच खेळतेयस की. तर म्हणे, "मी कुठे गेम खेळते? हे आपलं टाइमपास. तो बघ, माणसं मारतो."

मला हसू आलं पण नंतर वाटलं की बाई अगदीच चुकीचं बोलत नाहीये. तिच्या हातातलं आणि त्याच्या हातातलं, दोन्हीला आपण गेम म्हणतो, पण साबुदाण्याची खिचडी आणि कोंबडीवडे दोन्हीला जेवण म्हणण्यातला तो प्रकार झाला. मग कुणाला कुठला गेम का आवडतो, हे जरा नीट सांगून बघते. मी काही एक्स्पर्ट वगैरे नाही, तीस वर्षं खेळतेय एवढंच.

आधी एक गोष्ट. सिनेमाचं कसं असतं, हॉरर म्हणजे भीती वाटणार, कॉमेडी म्हणजे हसणार, तुम्हाला काय वाटणार ते नावातच सांगून टाकलेलं. गेमच्या प्रकारांची नावं बहुतेक तशी पडली नाहीत, ती सांगतात तुम्ही काय करणार. शूटर म्हणजे नेम धरणार, रेसिंग म्हणजे गाडी हाणणार, पझल म्हणजे कोडं सोडवणार, प्लॅटफॉर्मर म्हणजे या फळीवरनं त्या फळीवर उड्या मारणार. आणि जिथे असं सोपं नाव सापडलं नाही तिथे लोकांनी गाजलेल्या गेमचंच नाव चिकटवून दिलं. १९९३ मध्ये डूम नावाचा बंदुकीचा गेम आला, त्यानंतर तसले जे जे गेम आले त्यांना कितीतरी दिवस 'डूम क्लोन'च म्हणायचे. १९८० च्या रोग (इंग्रजीतला Rogue, आजार नव्हे) नावाच्या गेमवरनं रोगलाइक हा अख्खा प्रकार झाला. आमच्या इथली पोरं तरी वेगळं काय करायची, 'मुस्तफा टाइप गेम आलाय' म्हटलं की सगळ्यांना कळायचं, रस्त्याने पुढे पुढे जायचं आणि येईल त्याला तुडवायचं. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा, पण मुंबईत ते नाव घेतलंत तर दहातल्या नऊ जणांना कळणार नाही, मुस्तफा म्हणा, डोळे चमकतात. मुस्तफा म्हणजे त्यातल्या चार हिरोंपैकी एक, झालं.

तर एखाद्याला गेम का आवडतो हे बघायचं असेल तर स्क्रीनवर काय दिसतंय ते सोडा, हात काय करतायत ते बघा.

आता आत्याचे हात. ती एका रंगाच्या गोळ्या एका ओळीत आणते, त्या फुटतात, वरनं नवीन पडतात, परत तेच. म्हणजे ती आवरतेय! दिवसभर घर आवरून झालं की संध्याकाळी परत मोबाइलवर आवरतेय. फरक इतकाच की घर आवरलं तर कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि तासाभरात परत पसारा होतो तो वेगळाच. इथे ओळ जुळली की आवाज येतो, चमचम होते, एक माणूस भारदस्त आवाजात शाबासकी देतो. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणाल तर टेट्रिस, १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह नावाच्या माणसाने केलेला. आपल्याला तो ब्रिक गेम म्हणून माहितीय, '९९९९ इन १' असं खोटंनाटं छापलेला, लोकलमध्ये विकायला यायचा तो. त्यात सात आकाराच्या विटा, बस, बाकी काही नाही, ना गोष्ट ना हिरो. पण वाकडीतिकडी वीट बरोबर खाचेत बसली की जिवाला जे बरं वाटतं ते लोकलच्या रॅकवर सगळ्यांच्या बॅगा फिरवून फिरवून आपली बॅग बसवली की वाटतं तेच आहे. आणि टेट्रिसमध्ये गंमत अशी की तुम्ही जे नीट केलं ते गायब होतं, चुका मात्र साचत जातात. जुना निन्टेंडोवाला टेट्रिस कुणी संपवूच शकत नाही असं वर्षानुवर्षं धरून चालले होते, मग डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका पोराने तो इतका पुढे नेला की शेवटी गेमच हँग झाला.

कँडी क्रशमध्ये मात्र अजून एक मसाला आहे. वरनं कुठली गोळी पडेल ते तुमच्या हातात नाही, कधी तुम्ही साधी एक ओळ जुळवता आणि खाली आपोआप धडाधड अर्धा बोर्ड फुटतो. बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, चोच मारली की दाणा. त्यात असं दिसलं की दर वेळी नक्की दाणा मिळण्यापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसला तर कबुतर जास्त चिकाटीने चोच मारत बसतं. आत्याला कबुतर म्हणायची माझी हिंमत नाही, पण दर अर्ध्या तासाला ती मोबाइल का उचलते त्याचं उत्तर थोडंसं यात आहे. बाकीचं उत्तर लाइफमध्ये आहे. पाच लाइफ मिळतात, हरलात की एक जाते आणि नवीन एक भरायला तीस मिनिटं लागतात. म्हणजे नेमकं रंगात आल्यावर ताट काढून घ्यायचं. पोट भरलं असतं तर माणूस उठून गेला असता ना.

लुडोची मजा याहून वेगळी. लुडो किंग हा गेम आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०१६ चा, लॉकडाऊनमध्ये घराघरात शिरला. त्यात डोकं किती आणि फासा किती? फासाच जास्त. पण म्हणूनच तो घरात चालतो, कारण आठ वर्षांची भाची आणि सत्तरीचे आजोबा एकाच पटावर बसू शकतात, आणि हरलेल्याला म्हणता येतं की मला सहाच पडला नाही. बुद्धिबळात हरलं की हरण्याची सगळी जबाबदारी आपली, कुठे तोंड लपवणार. (पैसे लावून खेळायची ती अ‍ॅप्स मी यात धरतच नाहीये, त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केलाय, आणि बरं झालं.)

आता माझ्या लहानपणाकडे येते. आमच्याकडे टीव्ही गेम होता, पिवळी कॅसेट घालायची, चालली नाही की काढून फुंकर मारायची, त्याने काही होत नसणार पण फुंकर मारल्याशिवाय कुणी लावायचंच नाही. त्यात मारिओ, १९८५ चा. उड्या मारायचे गेम बघायला बालिश वाटतात पण आतनं फार चाप्टर असतात. कडेला अगदी शेवटपर्यंत पळत जाऊन उडी मारायची असते आणि माणसाचा अंगठा थोडा उशिराच पडतो, म्हणून हल्लीचे बरेच गेम काय करतात, पाय फळीवरनं सुटला तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत बटण दाबलंत तर उडी चालवून घेतात. तुम्हाला कळत पण नाही. तुम्हाला वाटतं, वा काय टायमिंग आहे आपलं! २०१८ च्या सेलेस्टमध्ये असल्या बऱ्याच छुप्या सवलती आहेत आणि तरी तो गेम बेक्कार कठीण आहे. मिहाय चिकसेंटमिहाय म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, ते म्हणायचे की काम फार सोपं असलं तर माणूस कंटाळतो, फार अवघड असलं तर घाबरतो, या दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीत तो वेळकाळ विसरतो. उड्यांचे गेम त्या पट्टीवर चालवतात तुम्हाला, हात धरून, हात धरलाय हे न सांगता.

त्याच सेटबरोबर बंदूक यायची, बदकं मारायची, नेम चुकला की कुत्रा गवतातनं उठून हसायचा. कसली चिडायचे मी त्या कुत्र्यावर. मला तेव्हा वाटायचं बंदुकीतनं काहीतरी टीव्हीकडे जातं. प्रत्यक्षात उलटं होतं, बंदूक फक्त बघायची. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर बदक पडलं. आणि काळ्या स्क्रीनच्या वेळीच उजेड दिसला तर गेमला कळायचं की हे कार्टं ट्यूबलाइटवर नेम धरतंय. सगळं गणित जुन्या डबा टीव्हीच्या चित्र काढण्याच्या पद्धतीवर बेतलेलं, म्हणून आताच्या चपट्या टीव्हीवर ती बंदूक चालत नाही.

व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मात्र मला कधी जाता आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी होतं एक, आत अंधार, पाच-सहा मशिनी, आणि मुलींनी तिथे जायचं नाही हे कुणी न सांगता ठरलेलं. मी दूध आणायला जाताना दारात थांबून बघायचे. त्यामुळे मारामारीचे गेम, म्हणजे एकासमोर एक उभं राहून खेळायचे ते, मी खेळण्याच्या आधी कितीतरी वर्षं बघितलेत, आणि माझं ठाम मत आहे की तो प्रकार निम्मा बघणाऱ्यांसाठीच असतो. स्ट्रीट फायटर टू, १९९१. दोघं मशीनवर, मागे दहा जण, जिंकेल तो उभा राहणार, हरेल त्याने नाणं टाकून परत रांगेत. कुस्तीचा आखाडाच. त्यात एकाला जोडून दुसरा फटका मारायचा, ज्याला कॉम्बो म्हणतात, ते मुळात बनवणाऱ्यांच्या डोक्यात नव्हतं, चुकून राहिलेली फट होती. त्यांना ती दिसली तर त्यांनी ठेवून दिली, आणि आज त्या फटीशिवाय मारामारीचा गेम क्वचितच कुणी बनवतं. इथे गोडी कसली, तर समोरच्याचं मन वाचण्याची. हा आता उडी मारणार हे अर्ध्या सेकंदाआधी ओळखलं, आणि ओळखलं हे सगळ्यांनी बघितलं.

मुस्तफाची गोडी त्याच्या अगदी उलट, तिथे दोघं एका बाजूला. अर्धमेला झालेला मित्र म्हणायचा, ते चिकन मला खाऊ दे, आणि तुम्ही सोडलंत का हडपलंत यावर शाळेतली मैत्री ठरायची. काँट्रा नावाच्या गेममध्ये तर दुसऱ्याच्या खात्यातली लाइफ घेता यायची. माझा भाऊ न विचारता घ्यायचा. त्याला अजून मी ते ऐकवते.

आता आत्तेभावाकडे, म्हणजे आत्याच्या भाषेत माणसं मारण्याकडे. तो खेळतो बीजीएमआय. आधी पबजी मोबाइल होता, २०१८ मध्ये आला, सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केला, मग २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने आला, २०२२ मध्ये परत स्टोअरवरनं गेला, २०२३ मध्ये परत आला, आमच्या घरात या प्रत्येक तारखेला एक तर सुतक होतं नाहीतर पेढे. खेळ असा की १०० जण एका बेटावर उतरतात, शेवटी उरेल तो जिंकला. बंदुका आहेत, हो. पण मी मागे बसून बघितलंय, तीस मिनिटांतली पंचवीस मिनिटं हा मुलगा गवतात पालथा पडलेला असतो, घरं शोधतो, कान देऊन पावलं ऐकतो. हे डबा ऐसपैस आहे हो! फक्त मैदान आक्रसत जातं. ते मैदान आक्रसणं हीच खरी अक्कल आहे, कारण आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरच्या नकाशावर १०० जण सोडले तर कोण कुणाला भेटणार, जो तो बाथरूममध्ये लपून बसेल. म्हणून निळं वर्तुळ सगळ्यांना हळूहळू एका वावरात ढकलतं. आणि अजून एक, इथे हरणं फारसं लागत नाही. एकास एक खेळात हरलं की तुम्ही शेवटचे, इथे १०० पैकी सातवे आलात तर उर भरून येतो, बाकीचे ९३ आधीच घरी गेलेत ना.

बंदुकांचे सगळे गेम मात्र असे नाहीत. काउंटर-स्ट्राइक घ्या, कॉलेजच्या वेळी सायबर कॅफेत सगळे तोच खेळायचे. त्यात नकाशा छोटा आणि पाठ झालेला, नशिबाला जागा फार थोडी, तिथे उजळणी चालते. बीजीएमआय म्हणजे प्रत्येक डावाची नवी गोष्ट, काउंटर-स्ट्राइक म्हणजे रोजचा रियाज. एकाच्या चाहत्याला दुसरा बोअर होतो तो यामुळे, दोन्हीकडे बंदूक असली तरी.

आणि एकाच गेमात सुद्धा सगळे एकच गोष्ट खेळत नसतात. रिचर्ड बार्टल हे इंग्लंडचे, जगातल्या पहिल्या ऑनलाइन दुनियांपैकी एक बनवणारे (१९७८ मध्ये, सगळी अक्षरांची, चित्र एक नाही), त्यांनी १९९६ मध्ये लिहिलं होतं की खेळणारे ढोबळमानाने चार जातीचे: कमावणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्याला छळणारे. आत्तेभावाच्या स्क्वॉडमध्ये चार जण आहेत आणि देवाशप्पथ चारही जाती हजर आहेत. एकाला फक्त रँक वर न्यायचीय, कुणी चूक केली की आठवडाभर बोलत नाही. दुसरा लढाई सोडून डोंगरावर काय आहे बघायला जातो. तिसऱ्याला मुळात गोळी लागो न लागो, तो नोकरीतल्या बॉसबद्दल सांगत असतो. आणि आमचा हिरो, तो दार बंद करून आत ग्रेनेड टाकणाऱ्यांतला. एक गोष्ट मात्र आत्याला दिसत नाही. तो तिसरा मुलगा आता बदलापूरला राहतो, एक कळव्याला, एक पुण्यात, पूर्वी हे चौघं खाली ओट्यावर बसायचे. त्या ओट्यावर आता टॉवरचा पार्किंगचा खांब आहे. मग बसणार कुठे?

मोकळं फिरायच्या गेमचंही थोडं तसंच. व्हाइस सिटी, २००२. आमच्या पिढीत तो गेम खरोखर पूर्ण केलेली माणसं मोजकी, पण पँझर हा चीट कोड टाइप करून रणगाडा आणलेली सगळी. मिशन-बिशन काही नाही, गाडी घ्यायची, समुद्राकाठी रेडिओ लावून फिरत बसायचं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण राहत असताना एक अख्खं शहर तुमच्यासाठी रिकामं आहे, यापेक्षा जास्त सांगायची गरज आहे का? पुढे २०१८ च्या हिटमॅन टू मध्ये मुंबईच आली, चाळवजा वस्ती, धोबी, रेल्वे यार्ड, मी हौसेने घेतला. पण तो फिरायचा गेम नव्हे, छपून राहायचा. माणसाच्या मागे मागे राहायचं, तो कधी एकटा पडतो ते हेरायचं, कपडे बदलून गर्दीत मिसळायचं. त्यात घाई केली की संपलं. ज्यांना दुसऱ्याच्या खिडकीतलं सगळं माहीत असतं अशा माणसांसाठी हा प्रकार, आमच्या चाळीतल्या दोन काकू त्यात चॅम्पियन झाल्या असत्या.

आता मला वाटायचं की माणूस दिवसात जे मिळत नाही ते गेममध्ये शोधतो. तसं बऱ्याचदा असतंही. पण माझ्या ओळखीचा एक बस ड्रायव्हर आहे, दिवसभर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये बस चालवतो, आणि घरी येऊन काय खेळतो? बसचा गेम! इंडोनेशियातला बस सिम्युलेटर आहे, लोकांनी त्यात आपल्या एसटीचे रंग सुद्धा बसवलेत, लालपरी घेऊन हा घाट चढतो. मी विचारलं, अहो दादा, पोट भरत नाही का तुमचं? म्हणाले, "इथे मागनं कोण हॉर्न मारत नाही, पुढनं रिक्षा घुसत नाही. गाडी चालवायला मला आवडतं, नोकरी आवडत नाही." माझा सिद्धांत तिथेच बसला खाली. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची एक मांडणी आहे, माणसाला तीन गोष्टी लागतात, आपल्या मर्जीने काहीतरी करणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि कुणाशीतरी जोडलेलं असणं. रायन यांनी २००६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ही फूटपट्टी गेमना लावून बघितली, आणि खेळण्यातला आनंद बराचसा यात सापडला. ड्रायव्हर दादांना बस नको नव्हती, मर्जी हवी होती. शेतीच्या गेमचं तेच, स्टारड्यू व्हॅली, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून केलेला, २०१६ मध्ये आला. खऱ्या शेतीत पाऊस दगा देतो, भाव पडतो, सावकार येतो. तिथे पेरलं आणि रोज पाणी घातलं की ठरलेल्या दिवशी येतंच. कोकणातल्या माझ्या मामाला दाखवला तर तो इतका हसला, म्हणाला, "असली शेती मी पण करीन!"

मग राहतात ते मुद्दाम हरवणारे गेम. डार्क सोल्स २०११, एल्डन रिंग २०२२, यात तुम्ही मरता, परत मरता, पन्नासदा एकाच राक्षसाकडून मार खाता. एल्डन रिंगच्या तीन आठवड्यांच्या आत १ कोटी २० लाख प्रती खपल्या, म्हणजे इतक्या लोकांनी पैसे देऊन मार खाल्ला. मी सुद्धा. बाहेरनं हे वेडेपण वाटतं, पण त्यात अन्याय नसतो, राक्षस दर वेळी तशीच तलवार उचलतो, बदलता तुम्ही. एक्कावन्नाव्या वेळी हात डोक्याच्या आधी हलतो. ऑफिसमध्ये मला कधी कळलेलं नाही की माझं काय चुकलं, अप्रेझलमध्ये गोड बोलून तीन टक्के देतात. इथे कळतं.

परवा हे सगळं मी आत्याला सांगितलं, कबुतर सोडून. तिने ऐकलं, मान हलवली, म्हणाली, "बरं, म्हणजे मी आवरते आणि तो डबा ऐसपैस खेळतो. पण दहानंतर आवाज नको, एवढंच माझं म्हणणं." मग मोबाइल बघितला, चेहरा पडला, पाची लाइफ गेल्या होत्या. आतल्या खोलीच्या दाराशी गेली, दार जरासं ढकललं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे ऐक ना, तुझा तो डाव झाला की मला एक लाइफ पाठव."